हार्टचंच सांगजो

छातीवरची थंडगार जेल कापसाने पुसता पुसता संजीवने विचारलं,

"किती ब्लॉकेज हाय, डॉक्टर?"

"तसं काही दिसत नाही. हृदय ठणठणीत आहे तुमचं."

असं ऐकलं की एखाद्याचा जीव भांड्यात पडतो. संजीवचा चेहरा पडला. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या ढिगापाशी उभं राहून तो लिलाव पुकारायचा. आवाजावरच घर चालायचं. परवा भर बोलीत तो आवाजच फुटेना. छाती धडधडली, हातपाय गार पडले आणि एवढा उंचापुरा गडी व्यापाऱ्यांच्या देखत मटकन खाली बसला. तेव्हापासून बाजाराचं नाव काढलं तरी त्याला दरदरून घाम फुटायचा. हार्ट निघालं असतं तर निदान सांगायला तोंड राहिलं असतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हा भीतीचा झटका होता, औषधाने बरं वाटेल, मनाच्या डॉक्टरांनाही एकदा दाखवून घ्या. संजीवने मान डोलावली, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही.

बाहेर स्कूटरपाशी आल्यावर तो बायकोला हळूच म्हणाला,

"घरी हार्टचंच सांगजो, भारती."

"काहून?"

"काहून म्हणजे? मले भेव वाटते म्हणून सांगू? लोकं बांगड्या भराले लावतीन. हे बायकायची बिमारी हाय."

भारतीने किल्ली हातातच ठेवली.

"आयुष झाला तवा मले असंच होये. तुम्ही तं साऱ्या पाव्हण्यायले हासून हासून सांगत होते, आपल्या सावलीले भेते म्हणून. माहं काहून नाही लपवलं?"

संजीव मागच्या सीटवर बसला. ती हसण्याची गोष्ट नव्हती, हे त्याला आज पहिल्यांदा कळत होतं आणि त्याची त्याला लाज वाटत होती. भारतीने स्कूटर घराकडे वळवली.

त्याचे वडील, बापूजी, बंगईवर झोके घेत वाटच पाहत होते. एके काळी त्यांच्या नुसत्या खाकरण्यावर बाजारातले हमाल धावत यायचे.

"काय म्हणते डॉक्टर?"

भारती दारातच थांबली. खोटं बोलायचं तर तुम्हीच बोला, असं तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"हार्टचं हाय, बापूजी."

"गोळ्या दाखव."

म्हाताऱ्याने पाकीट डोळ्यांजवळ नेलं आणि नावाखालची बारीक अक्षरंही वाचली. हार्टच्या गोळ्या बापूजींना ठाऊक नसतील तर कोणाला? हार्टमुळेच तर त्यांनी पन्नाशीत बाजार सोडला होता.

"नाव वेगळं हाय," बापूजी म्हणाले. "दवाई तेच. सुरुवातीले तोंड सुकते, मळमळ होते. पण सोडू नको. मी मधातच सोडली, तं बाजारच सुटला माहा."

"पण तुमचं तं हार्ट..."

"तसं सांगतलं होतं." बापूजींची नजर फरशीवरून हलेना. "तुही माय मरेपर्यंत बिनमिठाचं रांधत राहिली. मले वेगळं वाटू नये म्हणून स्वतःही तेच खाये. आता सून माह्यासाठी वेगळं काढते. एकदाही सांगता नाही आलं गा."

आईच्या ताटातली ती फिकी भाजी संजीवला आठवली. भारती आत गेली. कढईवरचं झाकण वाजलं.

"भाजीत मीठ टाकू का नको?" तिने आतून विचारलं.

बापूजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. संजीवची छाती पुन्हा धडधडायला लागली.

"टाक," तो म्हणाला. आवाज कापला, पण त्याने तो लपवला नाही. "अन् बापूजीचंही वेगळं काढू नको."