एकोणीसनंतर दोन

बाबांच्या तोंडात नेहमी खिळे असायचे. खुर्च्या आणि कोच नव्याने भरून देणाऱ्या माणसाच्या एका हातात हातोडी असते, दुसऱ्याने कापड ताणून धरलेलं असतं. बारीक खिळे ठेवायला तिसरा हात कुठून आणायचा? म्हणून खिळे ओठांत धरायचे आणि जिभेने एकेक पुढे सरकवायचा. त्यामुळे कामाच्या वेळी बाबा बोलत नसत. बोलायची आई. ती पलीकडच्या लांब मेजावर खडूने आखून कापड कापायची, आणि तिची जीभ कात्रीच्याही पुढे असायची. गल्लीत कोणाचं कोणाशी वाजलं, कुठल्या गिऱ्हाइकाच्या कोचात केसांच्या किती पिना सापडल्या, पहाटे काय स्वप्न पडलं, सगळं. बाबा मधूनमधून "हं" म्हणायचे. त्या एवढ्याशा हुंकारात हो, नाही, खरं की काय आणि आता पुरे, असं सगळं मावायचं. कुठला हं कुठला हे आईला बरोब्बर कळायचं.

आई गेली आणि दुकान मुकं झालं. बाबा सकाळी कुलूप काढत, हातोडी उचलत आणि खाली ठेवत. दुपारचं ऊन खिडकीतून आत यायचं, त्यात कापसाचे तंतू तरंगायचे, आणि बाबा पायस्टुलावर बसून ते तंतू बघत राहायचे. आईने शेवटचं कापलेलं हिरवं कापड मेजावर घडी घालून तसंच पडलं होतं. त्याच्या उलट्या बाजूला तिच्या खडूच्या खुणा होत्या. ते ज्या आरामखुर्चीचं, ती खुर्ची कोपऱ्यात स्प्रिंगा दाखवत उभी होती.

"शांततेत हात चालत नाही गं," बाबा एकदा म्हणाले. "महिनाअखेर दुकान बंद करू या."

दुकान बंद झालं की हा माणूसही बंद पडणार, हे मला दिसत होतं. आई गेलीच होती. दोघं एकदम जाऊ देण्याइतकी मी शहाणी नव्हते.

मी औषधांच्या गोदामात काम करते. तिथे एकच धर्म: आधी आलेलं आधी जायला हवं. एक खोकं पुढचं मागे झालं तरी माझं डोकं फिरतं. घरातसुद्धा मी डब्यांवर तारखा लिहिते आणि शिव्या खाते. तेव्हा दुःखाचाही बंदोबस्त करायचा तर पद्धतशीरपणे, असं मी ठरवलं. बाबांना बोलणारं माणूस हवं होतं. मी त्यांना बोलणारी पुस्तकं आणून देणार होते.

आधी विकतचा रस्ता धरला. फोनवर एक अॅप घेतलं, पहिला महिना मोफत, पुढे वर्गणी. त्यातला वाचक असा घोटीव आवाजाचा की भिंतीसुद्धा सावरून बसाव्यात. मागे वाद्यं. बाबांनी पाच मिनिटं ऐकलं.

"हा काहीतरी विकायला आलाय," ते म्हणाले. "त्याला सांग, नको म्हणावं."

"बाबा, गोष्ट वाचतोय तो."

"मग पळतोय कशाला?"

बघते तर माझ्याच बोटाने वेग दीडपट झालेला. वेग कमी केला तर बाबा म्हणाले, आता दमलाय बिचारा. मी हात टेकले आणि महिना संपायच्या आत वर्गणी रद्द केली.

मग सार्वजनिक ग्रंथालय. तिथल्या ग्रंथपाल बाई चष्मा साखळीला बांधून ठेवत आणि तरीही तो शोधत. त्यांनी मला कार्ड करून दिलं, फोनवर ग्रंथालयाची श्राव्य पुस्तकं कशी उघडायची ते दाखवलं, आणि मला हवी होती ती एक जुनी कादंबरी शोधली. माझ्यापुढे रांग होती.

"हवेतल्या पुस्तकाला रांग?" मी म्हटलं.

"पुस्तक हवेत असेल, बाई. प्रत एकच घेतलीये. एकाने परत केल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाही."

"किती दिवस?"

"लोक सावकाश ऐकतात," त्या म्हणाल्या. माझा चेहरा पाहून त्यांना दया आली असावी. "हक्क संपलेली जुनी पुस्तकं लोक हौसेने घरी बसून वाचतात आणि सगळ्यांसाठी ठेवून देतात. हीसुद्धा आहे त्यात. एकेक प्रकरण एकेकाने वाचलेलं. फुकट आहे, तेव्हा कुरकुर करायची नाही."

फुकट ते पौष्टिक. त्यांनी ग्रंथालयाचा एक छोटा प्लेअरही उसना दिला, डोळे अधू झालेल्या वाचकांसाठी असतो तसला. त्याला एकच पिवळं बटण. दाबलं की सुरू, दाबलं की बंद. पुढे नाही, मागे नाही. मी घरी येऊन प्रकरणं त्यात भरली आणि सकाळी बाबांच्या मेजावर ठेवून कामावर गेले.

पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी परतले तर दाराबाहेरूनच हातोडीचा आवाज आला. हळू, अडखळत, पण आला. मी पायरीवरच थांबले. आत कुणीतरी पोक्त बाई नदीबद्दल वाचत होती, तिच्या मागे कुठेतरी नळ ठिबकत होता, आणि बाबा खिळ्यांतून म्हणत होते, "हं."

मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. मी आत जाऊन चहा टाकला.

त्यानंतरचे दिवस मला अजून स्वप्नात असल्यासारखे आठवतात. दुकानात आवाज राहायला आले होते. एकाला सर्दी होती. एक वाचता वाचता आवंढा गिळायचा. एकाच्या घरात घड्याळ मोठ्याने चालायचं, एकीच्या खिडकीत पक्षी होता आणि तो नेमका भांडणाच्या प्रसंगी शीळ घालायचा. प्रत्येक जण सुरुवातीला प्रकरणाचा आकडा सांगायचा आणि घसा साफ करून आत शिरायचा. दुकानात रिकाम्या खुर्च्या भरपूर, त्यामुळे पाहुण्यांना बसायला जागा होती. बाबांनी एक कोच पूर्ण केला, मग दोन स्टुलं. महिनाअखेर आली आणि गेली. बंद करण्याची गोष्ट कोणी काढली नाही. हिरव्या कापडाला मात्र त्यांनी हात लावला नाही.

जेवताना ते मला कथा सांगत. कादंबरी एका पुलाच्या राखणदाराची होती. नदीवर लाकडी पूल, पुलाशी त्याची खोली, येणाऱ्या-जाणाऱ्याकडून तो पथकर घ्यायचा.

"आज त्याची बायको गेली," बाबा एके दिवशी म्हणाले आणि पाण्याचा पेला नुसता फिरवत बसले. कसलं पुस्तक आणून दिलं मी या माणसाला! पण दुसऱ्या दिवशी चेहरा उजळलेला.

"ती आली," ते म्हणाले. "धुक्यातून. बगलेत कोंबडी. हा म्हणतो, कोंबडीचेही पैसे पडतील. ती म्हणते, कोंबडी चालत आलेली नाही, मी का देऊ?" आणि बाबा हसले. कित्येक दिवसांनी.

"गेली होती ना ती?"

"हं," बाबा म्हणाले.

मला वाटलं, असेल काहीतरी नव्या धर्तीचं. लेखक लोकांचा काय भरवसा!

मग रांगेतला माझा नंबर लागला. ग्रंथालयाची प्रत फोनवर आली आणि बसमधून कामावर जाता-येता मी ती ऐकू लागले. दुसऱ्याच प्रकरणात धुकं, कोंबडी आणि ती बाई आली. लग्न झालं. मुलं झाली, पूर आले, भांडणं झाली, आणि खूप पुढे, एकोणिसाव्या प्रकरणात, ती गेली. पुढची चार प्रकरणं राखणदार एकटा. शेवटी नवा पूल झाला, जुना पाडला, तो पेटी उचलून चालू लागला. संपलं.

बसच्या काचेला डोकं टेकून मी बसले होते, आणि एकदम लख्ख कळलं. त्या प्लेअरला आकडे कळतच नव्हते, त्याने प्रकरणं आकड्यातला नुसता पहिला अंक बघून लावली होती. एकानंतर दहा, अकरा, बारा, असं थेट एकोणीस. मग दोन. मग वीस ते तेवीस, आणि तीन ते नऊ सगळ्यांत शेवटी. माझ्या हातून, गोदामातल्या माझ्या या हातातून, आख्खी कादंबरी उलटीपालटी गेली होती!

रविवारी बाबा झोपले असताना मी प्लेअर घेतला, एक ते नऊ या आकड्यांच्या आधी शून्य लावलं आणि सगळं ओळीने बसवलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू! सोमवारी दुकानात बटण दाबताच पहिलं प्रकरण सुरू झालं, आणि त्याच्यामागून दुसरं. बाबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी कौतुकाची वाट पाहिली. त्यांनी मूठभर खिळे तोंडात घातले. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं, असं मनात म्हणून मी कामावर गेले.

थोडे दिवस ठीक गेले. मग हातोडी मंदावली. एका संध्याकाळी परतले तर दुकानात चिडीचूप. खिळे डबीत, प्लेअर मेजावर, बाबा पायस्टुलावर. खिडकीतल्या उन्हात तंतू तरंगत होते.

"बिघडला का?" मी विचारलं.

"नाही."

"मग लावा की."

"आता एकोणिसावं आहे."

"अहो, ते तर तुम्ही आधीच ऐकलंय."

"तेव्हा त्याच्यामागून दुसरं यायचं," बाबा म्हणाले. "आता विसावं येईल."

मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिले.

"म्हणजे क्रम चुकलाय हे तुम्हाला माहीत होतं?"

"प्रत्येक जण आकडा सांगून सुरुवात करतो. मी काय बहिरा आहे?"

"मग बोलला का नाहीत?"

"तोंडात खिळे होते," बाबा म्हणाले.

मला हसू फुटलं आणि ते अर्ध्यावरच विरलं. बाबा हातोडीच्या दांड्यावर अंगठा फिरवत होते.

"पहिल्यांदा वाटलं, तुला सांगावं. मग ती गेली, आणि मी म्हटलं, बास, आता नको. पण दुसऱ्या दिवशी न राहवून बटण दाबलं, तर दुसरं सुरू झालं. ती बाई वाचताना पान उलटते ना, ते ऐकू येतं. तेवढ्यात ही धुक्यातून आली. मला माहीत होतं गं, हे आधीचं आहे. पण आधीचं असलं म्हणून काय झालं? आलीच ना ती?" ते थांबले. "मलाही तुझी आई तशीच आठवते. आधी दवाखाना. तो संपल्याशिवाय पुढचं काही दिसतच नाही. तो संपला की मग ती येते, चांगली धडधाकट, बडबडत."

उंटावरून शेळ्या हाकणारी मी! मला आई आठवायची तर दवाखान्यातच थांबायची. पुढचं दिसेपर्यंत मी कधी बसलेच नव्हते. डब्यांवर तारखा लिहीत होते.

मी प्लेअर पर्समध्ये टाकला. घरी मेजाशी बसून लावलेली शून्यं एकेक करून पुसली. मुद्दाम चुकीचा क्रम लावायची माझी ही पहिलीच वेळ, आणि तो मी तीनतीनदा तपासला.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली, मग दहावं, अकरावं. हातोडी पुन्हा वाजू लागली. एकोणिसावं आलं त्या दिवशी मी गोदामात रजा टाकली आणि दुकानात आईच्या मेजाखाली, कापडाच्या तुकड्यांवर जाऊन बसले. लहानपणी मी तिथेच बसायचे.

एकोणिसावं सर्दीवाल्याने वाचलंय. तो काही घोटून, सजवून वाचत नाही. ती गेली ते त्याने सरळ वाचलं, एकदा नाक ओढलं आणि पुढे गेला. राखणदाराने रोजच्यासारखा पुलावर कंदील लावला. मला आईचा हात आठवला, दवाखान्यातल्या चादरीवरचा, बोटांना खडू नसलेला. आणि मी रडले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा, तोंडात ओढणी न कोंबता, मोठ्याने. बाबांनी मला गप्प केलं नाही. ते उठून माझ्या डोक्यावरच्या मेजाशी आले. घडी उलगडल्याचा आवाज झाला, आणि हिरवं कापड माझ्या डोळ्यांसमोरून कोपऱ्यातल्या आरामखुर्चीकडे गेलं. खडूच्या खुणा आतल्या बाजूला ठेवून त्यांनी ते खुर्चीवर पसरलं, हाताने सारखं केलं, आणि डबीतून मूठभर खिळे तोंडात धरले.

प्रकरण संपलं. क्षणभर नुसती खरखर. मग एका बाईने पान उलटलं आणि घसा साफ केला.

"प्रकरण दुसरं," ती म्हणाली.

"हं," बाबा म्हणाले, आणि पहिला खिळा ठोकला.