शेजारचे काका-काकू

बारकीला कॉलेजात प्रवेश मिळाला आणि तिनं आम्हाला सगळ्यात आधी काय शिकवायला घेतलं असेल, तर हळू बोलायला.

तसं तिचं अगदीच चूक नव्हतं. मी आणि आमचे हे, दोघंही कापडाच्या कारखान्यात मागावर. लग्नसुद्धा तिथंच जुळलं. पलीकडच्या मागावरचा माणूस बरा वाटला, केलं. त्या शेडमध्ये सगळे माग एकदम धडधडायला लागले की स्वतःची शिंकसुद्धा ऐकू येत नाही. मग बोलायचे दोनच मार्ग उरतात. एक तर समोरच्याच्या कानात तोंड घालून बोंबलायचं, नाहीतर आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे आणि समोरच्यानं ते बघून समजून घ्यायचं. आम्हाला दोन्ही येतं. ओठांचं बोलणं तर इतकं अंगवळणी पडलंय, की शेडच्या या टोकाला उभी राहून त्या टोकाच्या बाईचं सुनेशी काय बिनसलंय ते मी सांगू शकते. सांगत नाही, ही गोष्ट वेगळी. आमच्यात एक शिस्त आहे. बोलणं आपल्यासाठी नसेल तर त्या तोंडाकडे बघायचं नाही. नजर गेलीच, तर पोटात ठेवायचं. जो हे पाळत नाही, त्याच्याशी शेडमध्ये कुणी धड बोलत नाही.

घरी आल्यावर मात्र आवाज काही खाली येत नाही. मी मीठ मागितलं तर ते वरच्या मजल्यावर कळतं. ह्यांचे कान तर अर्धे कामातून गेलेत, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाच येत नसणार, असं ह्यांनी ठरवून टाकलंय.

"ओरिएंटेशन आहे. पालकांनापण बोलावलंय," बारकी म्हणाली.

"आम्हाला कशाला? आम्ही काय शिकणार आता?" हे गरजले. त्यांच्या मते विचारलं.

"बाबा, हेच! तिथं असं ओरडलात ना, तर सगळे वळून बघतील."

"बघू देत की. पोरीला कॉलेजात घालतोय, चोरी करतोय का?"

बारकी माझ्याकडे वळली. तिचा चेहरा असा झाला होता की मी ह्यांना गप्प केलं. आणि त्या दिवसापासून आमच्या घरात शाळा भरायला लागली. जेवायला बसलं की बारकी समोर बसायची आणि आमचा आवाज चढला की तळहात खाली खाली करायची. हे "भाजी वाढ" म्हणायचे, तळहात खाली. पुन्हा म्हणायचे, आणखी खाली. तिसऱ्यांदा त्यांचं त्यांनाच ऐकू यायचं नाही आणि भाजी राहूनच जायची. मला आधी हसू यायचं, मग नाकाला मिरच्या झोंबायला लागल्या. स्वतःच्या घरात, स्वतःच्या ताटावर बसून मी कुजबुजत होते. पलीकडची बाई तर एकदा येऊन विचारून गेली, "काही वाजलंय का दोघांत? आवाज नाही आला तुमचा."

ह्यांनी मात्र मनावर घेतलं. दाढी करताना आरशात बघून म्हणायचे, "मी हिचा बाबा. आम्ही दोघं मागावर काम करतो. आमच्या घरातून कॉलेजात आलेली ही पहिलीच." ओरिएंटेशनमध्ये पालकांना उभं करून ओळख विचारतात, असं बारकीनंच सांगून ठेवलं होतं. हे ती तीन वाक्यं इतक्या वेळा घोकत, की मला भाजी चिरताना ती ऐकू यायची. रोज थोडी हळू. शेवटी शेवटी तर इतक्या छान आवाजात बोलायला लागले, की हा माणूस मला लग्नाआधी असा भेटला असता तर मी घाबरून नाही म्हटलं असतं.

ठरल्या दिवशी आम्ही गादीची वळकटी, बादली आणि दोन पिशव्या घेऊन हॉस्टेलच्या दारात उभे राहिलो. जिना समोरच होता. मी वळकटी उचलली तशी बारकीनं ती माझ्या हातातून घेतली.

"पालकांना वर सोडत नाहीत. मी नेते एकेक."

तिच्या मागून एक बाप खांद्यावर टेबलफॅन घेऊन सरळ वर गेला. त्याच्यामागे एक आजीबाई गेल्या, हाताला धरून कुणीतरी नेलेल्या. मी ह्यांच्याकडे बघितलं. ते बादलीची कडी नीट बसवत होते. पोर पहिल्यांदा घर सोडतेय, तिचं काहीतरी असेल, म्हणून सोडून दिलं.

सभागृह मोठं होतं, अर्धगोल. एका बाजूला नवी मुलं, समोरच्या बाजूला पालक, मध्ये मोकळी जागा आणि माईक. कार्यक्रम सुरू व्हायचा होता आणि गलका असा होता की मला एकदम घरच्यासारखं वाटलं. मी बारकीला शोधलं. ती पलीकडे मधल्या रांगेत होती, शेजारी आखूड केसांची एक मुलगी. तिच्या खोलीतलीच असावी. दोघींच्या गळ्यात सारख्याच लाल दोरीत किल्ल्या होत्या. त्या मुलीनं आमच्या दिशेनं बोट केलं आणि काहीतरी विचारलं.

तिथं मी मान फिरवायला हवी होती. बोलणं माझ्यासाठी नव्हतं. पण आपल्या लेकराच्या तोंडावरून नजर कशी काढतात, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

"ते तुझे आईबाबा?" त्या मुलीनं विचारलं होतं.

"नाही गं," बारकी म्हणाली. "शेजारचे काका-काकू. मला सोडायला आलेत."

घरी ती मैत्रिणीशी बोलताना आमच्याकडे पाठ करून बसते. इथं विसरली. एवढं अंतर, एवढा गोंगाट, त्यात कोण ऐकतंय, असं तिला वाटलं असणार. आम्हाला तर गोंगाटातच नीट ऐकू येतं.

मला राग यायला हवा होता. आला नाही. आधी लाज वाटली, आणि तीही कशाची, तर माझ्या चपलांची. मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मग हात दिसायला लागले. सुतानं चिरा पडलेली बोटं. ती पदरात घातली. मग हे सगळं आपण का लपवतोय याचीच लाज वाटली. आणि लपवायचं थांबवताही येईना. शेजारी हे नवा शर्ट घालून ताठ बसले होते. त्यांचे ओठ हलत होते. "मी हिचा बाबा. आम्ही दोघं..." नुसते ओठ, आवाज नाही.

ह्यांना हे कळता कामा नये. माझ्या डोक्यात तेवढं एकच राहिलं.

कार्यक्रम सुरू झाला. प्राचार्य बोलले, पहिल्या सेमिस्टरला घाबरू नका म्हणाले, हजेरीचं सांगितलं, ग्रंथालयाचं सांगितलं. मग एक तरुण बाई माईक घेऊन मध्ये आल्या. "आता ओळख करून घेऊ," त्या म्हणाल्या. एकेका मुलाचं नाव पुकारायचं, तो तिकडे उभा राहायचा, त्याचे आईबाप इकडे उभे राहायचे, दोन शब्द बोलायचे आणि टाळ्या.

मी ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि आमच्या पद्धतीनं ओठांनी म्हटलं, "चला. मला गरगरतंय. बाहेर जाऊ."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "बस," ते ओठांनीच म्हणाले. "आपला नंबर येतोय."

"अहो, खरंच पडेन मी."

"पड. मी धरतो."

असा हा माणूस. एरवी मला नुसती ठेच लागली तरी डॉक्टरकडे न्यायला निघतो. इकडे एकेक जण उठून बोलत होता. कुणाचं दुकान होतं, कुणी बँकेत, एक बाई नर्स होत्या. कुणी अडखळलं तर मुलं तिकडून हसत होती, पण प्रेमानं. तो टेबलफॅनवाला बाप तर बोलता बोलता रडलाच, आणि त्याला सगळ्यात जास्त टाळ्या मिळाल्या. मी बारकीकडे बघत होते. तिचा रंग उतरला होता. हे असं होणार हे तिला माहीत होतं, आणि तरी ती ते बोलून बसली होती. आता आमची आईबाप म्हणून ओळख झाली की शेजारच्या त्या मुलीसमोर तिचं खोटं उघडं पडणार. पहिल्याच दिवशी. चार वर्षं त्याच खोलीत.

तिचं नाव पुकारलं. ती उभी राहिली.

मी ह्यांचा शर्ट पकडला. त्यांनी माझी बोटं हळूच सोडवली आणि उठले. माईकवाल्या बाई त्यांच्यापर्यंत आल्या. "आपण वडील ना?"

"नाही," हे म्हणाले. "आम्ही शेजारचे. पोरीला सोडायला आलोय. तिच्या आईवडलांना कामावरून रजा मिळाली नाही."

काय तो आवाज! मऊ, सावकाश, एक शब्द इकडचा तिकडे नाही. सभागृहातल्या कुणालाही वळून बघावंसं वाटलं नाही.

म्हणजे ह्यांनीही तिचे ओठ वाचले होते. माझ्याबरोबरच. आणि ती तीन वाक्यं घोकत बसले होते ते मला कळू नये म्हणून.

"किती छान," बाई म्हणाल्या. "असे शेजारी हवेत." टाळ्या पडल्या. हे खाली बसले. बारकी मात्र उभीच होती. पुढचं नाव पुकारलं, पुढचा मुलगा उठला, तरी ती उभी. शेवटी आखूड केसांच्या मुलीनं तिला हात धरून बसवलं.

नंतर बाहेर चहा होता. एका खांबाआड उभं राहून मी ह्यांच्यावर तोंड सोडलं. आवाज न काढता, पण सोडलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला?"

"मग काय, चारचौघांत पोरीला खोटी पाडू?"

"पडली असती! दोन दिवस रडली असती आणि सुटली असती. आता तिनं करायचं काय? दिवाणखान्यात पाहुणे येतात तसं यायचं का आपण तिला भेटायला?"

ह्यांनी कप बशीत ठेवला आणि नव्या शर्टाचं गळ्याजवळचं बटण सोडलं. तेव्हा मला माझीच शरम वाटली. ज्याच्या काळजाला सगळ्यात जास्त लागलं होतं, त्यालाच मी फाडून खात होते.

बारकी आली. आमच्यापासून थोडी लांबच थांबली.

"बाबा, असं का बोललात तुम्ही?"

"तू म्हणालीस तेच म्हणालो."

ती आधी ह्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. कधी, कुठून, असं काही तिनं विचारलं नाही. तिला कळलं. तिचा हात तोंडावर गेला, पण आता झाकून उपयोग नव्हता.

"आई, मी... ती सगळी माणसं कशी होती, तू बघितलंस ना? मला एकदम..."

"माहीत आहे," मी म्हटलं. मला खरंच माहीत होतं. मीही पाय खुर्चीखाली घेतलेच होते.

ती पुढे काही बोलणार तेवढ्यात ती आखूड केसांची मुलगी तिच्या आईला घेऊन आली. आई हसतमुख, अंगानं भरलेली, लांबूनच हात पुढे करून येणारी. तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले. चिरांवर तिचा अंगठा फिरला, पण तिनं तसं दाखवलं नाही.

"तुम्हीच ना त्या काकू? आता आमच्या मुली एका खोलीत. तिच्या आईला माझा निरोप द्याल? म्हणावं, अजिबात काळजी करू नका. मी इथं जवळच राहते, दर आठवड्याला डबा घेऊन येईन, दोघींना पुरेल एवढा."

मी बारकीकडे बघितलं. तिचे ओठ हलले. आवाज नाही. "आई, तू सांग ना."

"तू सांग," मी तसंच म्हटलं.

ती मान खाली घालून चहाच्या कपात बघत राहिली. मी थांबले. त्या बाईला वाटलं असेल मी विचार करतेय. हे माझ्या मागे उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. बारकीनं एकदा तोंड उघडलं, आणि मिटलं.

"बिचाऱ्या," ती बाई म्हणाली. "लेकीचा एवढा मोठा दिवस, आणि रजा नाही. की यायलाच लाजल्या?"

"लाजल्या," मी म्हटलं.

"अहो, लाजायचं काय त्यात! त्यांना म्हणावं, पुढच्या वेळी नक्की या. एवढी गुणाची पोर वाढवली. आम्हालाही बघू दे तिची आई कशी आहे."

"सांगते त्यांना," मी म्हटलं.