वजन पडल्यावरच आवळायचं

नरसिंहरावांचं डोकं सकाळपासून तापलं होतं. निवृत्तीला सात वर्षं झाली, पण कारखान्यातला फोरमन काही अंगातून उतरला नव्हता. आपल्या सव्वीस वर्षांच्या गाडीच्या पुढच्या चाकांचे धक्के झेलणारे रबरी बुश त्यांनी महिन्यापूर्वी स्वतःच्या हातांनी बदलले होते, आणि आज बघतात तर चारही फाटलेले! चाकांना धरणारे दोन्ही लोखंडी आर्म बुशांसकट काढून पिशवीत घातले आणि ते बुश ज्याच्याकडून घेतले त्या संतोषकुमारच्या सुट्या भागांच्या दुकानात तरातरा शिरले.

"हे रबर आहे की पापड रे?"

राग होता, पण आत धास्ती होती. रविवारी बेळ्ळंदूरला वीणाच्या, त्यांच्या लेकीच्या, मुलीचं बारसं. पाठीच्या ऑपरेशननंतर त्यांच्या पत्नी पुष्पावती चार महिने घरातच होत्या. डॉक्टरांनी जायला हरकत नाही म्हटलं, म्हणून गेल्या आठवड्यात निघाल्या, तर रस्त्यातल्या दुसऱ्याच हंपवर, म्हणजे गतिरोधकावर, "आई गं!" आणि गाडी परत घरी. तेव्हापासून एकच पालुपद: "तुम्ही जा. मी फोनवर बघीन." नातीला अजून मांडीवर घेतलं नव्हतं बिचारीनं.

"ते कडक बुश दे," राव म्हणाले. "जन्मभर टिकणारे."

"टिकतील, अण्णा. पण खड्डा न् खड्डा अक्कांच्या पाठीला कळवतील. तुम्हाला रबरच हवं." संतोषकुमारनं फाटलेला बुश अंगठ्यानं फिरवून पाहिला. "हे पिळून फाटलंय. बोल्ट कधी आवळलात? गाडी जॅकवर, चाकं लटकत असताना?"

"मग! क्रेनवरून काही खाली यायच्या आत सगळे बोल्ट घट्ट. चाळीस वर्षं हेच केलं मी."

"तिथं ते बरोबर. इथं रबर लटकत्या जागी पकडलं जातं, आणि गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं. आधी वजन चाकांवर येऊ द्या, मग आवळा."

भांडायला आलेला माणूस स्टुलावर बसला. "गाढवपणा माझाच की!" खरं सांगायचं तर त्यांना हायसंच वाटलं. गाडी म्हातारी झाली म्हणून काही इलाज नाही, हीच भीती होती. आता निदान इलाज सापडला.

शनिवारी संतोषकुमारनं नवे रबरी बुश आर्ममध्ये दाबून बसवले. बोल्ट नुसते अडकवले, गाडी फळ्यांवर उतरवली, मागेपुढे ढकलली, आणि मग राव खाली सरपटले. पान्याला मात्र दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

रविवारी पुष्पावती पाठीशी उशी घेऊन बसल्या. पहिला हंप आला. रावांनी वेग कमी केला आणि बाजूला पाहिलं.

"माझ्या तोंडाकडे काय बघताय? समोर बघा!"

दुसरा हंप. गाडी अलगद चढली, अलगद उतरली. "आई गं!" काही ऐकू आलं नाही. तिसरा गेला, चौथा गेला. रिंग रोडच्या गर्दीत गाडी अडकली तेव्हा पुष्पावतींनी उशी काढून मागच्या सीटवर टाकली.

"अहो, ऐकलंत का? गुरुवारी मला मठात जायचंय. आणि भीमसेनभावजींकडे. आणि पुढच्या महिन्यात धाकट्या बहिणीकडे म्हैसूरला."

"सरी, सरी. जाऊ की," नरसिंहराव म्हणाले. चार महिने या बाईनं कुठे जायचंय म्हणून तोंडातून शब्द काढला नव्हता.