आत्म्याला प्लॉट नंबर कशाला?

रविवारी सकाळी 'मयाक' बागवान सोसायटीच्या ऑफिसात मुंगी शिरायला जागा नव्हती. एरवी वार्षिक सभेला माणसं जमवायची तर चेअरमन कपितोलिना येगोरोव्नांना कुंपणाकुंपणाशी जाऊन घसा फोडावा लागे. आज माणसं आपणहून आली होती, तीही टोमॅटोची रोपं लावायची टाकून. ज्यांना आत जागा मिळाली नाही ते बादल्या उलट्या करून त्यांवर चढले होते आणि खिडकीतून डोकावत होते.

आज अर्काडी सावेल्येविच बोलणार होते. अर्काडी सावेल्येविच फेब्रुवारीतच वारले होते.

त्यांची मुलगी रिम्मा मागे भिंतीला टेकून उभी होती. ती शहरातल्या शाळेत भूगोल शिकवायची आणि शनिवार-रविवार आईकडे, इथल्या लाकडी घरात यायची. सहा गुंठे जमीन आणि तिच्यावरचं हे घर; घराची फळी न् फळी वडिलांनी स्वतः ठोकली होती. आई, ताइसिया पेत्रोव्ना, पुढच्या बाकावर बसली होती. पुढच्या रविवारी ती त्या घराची किल्ली यारोमिर गुरूंना देणार होती. तिथे 'संवादगृह' होणार होतं. अर्काडीची तशी इच्छा आहे, असं यारोमिरने सांगितलं होतं.

यारोमिर टेबलाशी बसला होता. पांढरा सुती सदरा, छातीवर दाढी, हातात लाकडी पाखरू. दोन वर्षांपूर्वी हाच माणूस सोसायटीत पाण्याचे फिल्टर विकून गेला होता, हे रिम्माच्या लक्षात होतं. तेव्हा दाढी नव्हती आणि नाव वालेरा होतं.

अर्काडी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. वीस वर्षांपूर्वी त्यांनी सोसायटीसाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता. कधी काय पेरायचं, कधी झाकायचं, कधी पाणी द्यायचं, ते तो सांगे. कुणी विचारायला आलं की अर्काडी कॉम्प्युटरशी बसत, बटणं दाबत आणि पडद्यावरचं वाचून दाखवत. वर एखादा टोमणा हाणत. लोक सल्ल्यासाठी कमी आणि टोमण्यासाठी जास्त येत. हिवाळ्यात अर्काडी गेले, आणि पाठोपाठ ऑफिसातला तो जुना कॉम्प्युटरही गेला. दुरुस्तीवाला म्हणाला, "हा प्रोग्रॅम फार जुना आहे. आजच्या मशीनवर तो मेला तरी चालायचा नाही."

मग यारोमिर आला. प्रार्थनेसाठी म्हणून त्याने मेलेला कॉम्प्युटर घरी नेला. परत आला तो हे पाखरू घेऊन.

"शांतता," यारोमिर म्हणाला. त्याने पाखराची चोच ऑफिसच्या नव्या कॉम्प्युटरच्या पाठीत खुपसली आणि पडद्यावर एक भरतकाम केलेला टॉवेल टाकला.

"हे कशाला?" रिम्माने विचारलं.

"आत्मा देह धारण करतोय, ताई. तुम्ही कपडे बदलताना लोकांना बघू देता का?"

लोक हसले. तो घुमल्यासारखा आवाज काढत राहिला. टॉवेल उचलला तेव्हा पडद्यावर निळी चौकट होती, पिवळी अक्षरं होती. वडिलांचीच.

"प्लॉट नंबर?" यारोमिरने डोळे मिटून विचारलं. "आत्म्याला वाट सापडायला हवी."

"एकतीस," इल्दार म्हणाला. हा ट्रक ड्रायव्हर. दारातून येताना त्याला मान वाकवावी लागे.

"पीक?"

"कांदा."

यारोमिरने बटणं दाबली आणि पडद्यावरचं खड्या आवाजात वाचलं. "ग्लाफिरा सेम्योनोव्ना, कांद्याच्या वाफ्यात मांजरीला मासे घालू नका. आणि गुडघ्याला कोबीचं पान बांधून काही होत नसतं, डॉक्टरकडे जा."

इल्दारने आपल्या गुडघ्याकडे बघितलं. "ही ग्लाफिरा कोण?"

"तूच," यारोमिर जराही न अडखळता म्हणाला. "पलीकडून बघणाऱ्याला या जन्माचं नाव दिसत नाही. मागच्या जन्मी तू ग्लाफिरा होतास."

"गुरुजी, ग्लाफिराकाकूंकडून मी मागच्या वर्षी प्लॉट विकत घेतलाय."

"बघा!" यारोमिरने हात वर केले. "जीव आपल्याच मातीत परत आला."

बायकांनी छातीवर क्रॉस काढला. इल्दार शेजारच्याच्या कानाशी लागून म्हणाला, "मी बाई होतो हे माझ्या बायकोला सांगू नका."

मग आईची पाळी आली. प्लॉट नऊ, काकडी.

"तास्या, चष्मा कपाळावर आहे. काकडीवर पांघरूण घाल. चेर्योमुखा फुललीय, थंडी एकदा परत येईल."

ताइसियाचा हात कपाळाकडे गेला. चष्मा तिथेच होता. खोलीतून एक उसासा निघाला. खिडकीबाहेर, कुंपणालगतचं चेर्योमुखाचं झाड खरंच पांढऱ्याशुभ्र फुलांनी भरलं होतं; ते फुललं की थंडी परत येते, असं इथे सगळेच मानत. रिम्मासुद्धा नकळत एक पाऊल पुढे सरकली होती.

तेवढ्यात पडद्यावर भलतीच खिडकी उघडली आणि सगळं गोठलं. यारोमिर झटकन टॉवेल टाकायला गेला.

"काय झालं?" कपितोलिना येगोरोव्नांनी विचारलं.

"घेरी आली त्यांना. खोलीत कुणीतरी शंकेखोर आहे."

पण रिम्मा पुढे आली होती. टॉवेल पडायच्या आधी तिने ओळ वाचली. तिच्यात एक नाव होतं, आवृत्तीचा क्रमांक होता आणि खाली नम्रपणे लिहिलेलं होतं की ही प्रणाली अजून अपूर्ण आहे, रोजच्या कामासाठी कृपया वापरू नये. परलोकातून आलेला इतका प्रामाणिक मजकूर तिने कधी वाचला नव्हता. तिने ते नाव तळहातावर लिहून घेतलं.

संध्याकाळी आई मुळे चिरत होती. रिम्मा म्हणाली, "आई, किल्ली देऊ नकोस."

"अर्काडीने चष्मा बघितला, रिम्मोच्का."

"तुझा चष्मा रोजच कपाळावर असतो."

"म्हणून तर. हे त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक?" आईने सुरी खाली ठेवली. "तू हे खोटं पाडशील. तुला ते जमेल, तू त्याचीच मुलगी. पण मग तो परत गप्प होईल. घर काय, लाकडं आहेत. घेऊन जाऊ दे."

रिम्माने मुळ्यांवर मीठ घातलं.

शहरात परतल्यावर तिने तळहातावरचं नाव शोधलं. ती एक ऑपरेटिंग सिस्टिम निघाली. सगळे वापरतात ती नव्हे. दुसरीच, हौशी लोकांनी वर्षानुवर्षं फावल्या वेळात मिळून बांधलेली. हेतू एवढाच की जुने प्रोग्रॅम तिला आपलं जुनंच घर समजून चालावेत. फुकट मिळते, पेन ड्राइव्हवर मावते, मधूनमधून कोलमडते. रिम्माने ती शाळेच्या अडगळीतल्या लॅपटॉपवर चढवली. आता हवा होता वडिलांचा प्रोग्रॅम.

वडिलांनी त्याच्या सीडी करून सोसायटीत घरोघर वाटल्या होत्या. सोसायटीने त्या चेरीच्या झाडांना टांगल्या होत्या. उन्हात चमकतात, पाखरं येत नाहीत. शनिवारी रिम्मा शिडी घेऊन झाडाझाडाखाली फिरली. सगळ्या तबकड्यांचा मुलामा उन्हाने सोलून निघाला होता.

"काय शोधताय?" इल्दारने कुंपणावरून विचारलं.

तिने सांगितलं.

"तशी एक माझ्या शेडमध्ये आहे. ग्लाफिराकाकूंनी खुंटीला ठेवून दिली होती. तिच्यात बघून मी दाढी करतो."

तबकडीवर साबणाचे डाग होते, पण ती वाचता आली. त्याच्या ओसरीवरच लॅपटॉपच्या पडद्यावर निळी चौकट आली. रिम्माने एकतीस लिहिलं, मग कांदा. ग्लाफिरा, मांजर, गुडघा, सगळं जसंच्या तसं. इल्दारने तीनदा वाचलं.

"म्हणजे हे तुमच्या वडिलांनी आधीच लिहून ठेवलेलं?"

"प्रत्येक प्लॉटसाठी वेगळं. वाचून दाखवायचे तेव्हा आपल्याला वाटायचं, टोमणा आयत्या वेळचा आहे."

"म्हणजे मी ग्लाफिरा नव्हतो." तो सुटकेचा श्वास टाकून ट्रककडे निघाला. "उद्या येतोच. आधी एका ठिकाणी जाऊन येतो."

रिम्माने नऊ लिहिलं, काकडी लिहिलं. त्याच चार ओळी आल्या, चष्म्यासकट. ती त्या पुन्हा पुन्हा वाचत राहिली. इल्दारच्या बायकोने चहा आणून ठेवला होता, तो गार झाला.

रविवारी ऑफिसात गर्दी आणखी वाढली होती. किल्ली द्यायचा सोहळा होता. कुणी कोबीचं सारण भरलेल्या पिरोझ्की तळून आणल्या होत्या. ताइसियाने ॲप्रनच्या खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. यारोमिर हात पुढे करणार, तेवढ्यात रिम्माने किल्लीशेजारी लॅपटॉप ठेवला आणि उघडला. टॉवेल टाकला नाही. लोकांसमोर पडदा काळा झाला, कसल्याशा ओळी धावल्या, आणि निळ्या चौकटीत पिवळी अक्षरं उमटली.

"चेअरमनबाई, तुमचा प्लॉट आणि पीक?"

"चार. बटाटा," कपितोलिना येगोरोव्ना म्हणाल्या.

रिम्माने वाचलं, "कपितोलिना, आधी छपरावरचा बर्फ झाडा. बटाट्याचं मग बघू."

जून महिना होता. खिडकीवरची माणसं हसून बादल्यांवरून पडता पडता वाचली.

"बाबांना महिना या मशीनच्या घड्याळातून कळतो," रिम्मा म्हणाली. "शाळेचा जुना लॅपटॉप आहे; काल घड्याळ लावलं होतं, पण बंद केल्यावर ते परत जानेवारीवर गेलं." तिने घड्याळ सरळ केलं आणि परत विचारलं. आता उत्तर आलं, "कपितोलिना, मातीची भर घाला. शेजाऱ्यांवर देखरेख नंतर करा."

"हे त्याने मला कितीदा तरी ऐकवलंय," कपितोलिना येगोरोव्ना पुटपुटल्या.

यारोमिर उठला. "स्वाभाविक आहे! बापाचा आत्मा लेकीच्या यंत्रात येणारच. रक्ताची ओढ आहे."

"आत्म्याला प्लॉट नंबर कशाला लागतो, वालेरा?"

"मी यारोमिर आहे. आणि या इल्दारला त्यांनी मागच्या जन्मावरून ओळखलं, ते तुमच्या डब्याला जमेल का?"

तेवढ्यात दारात गलका झाला. इल्दार आत आला आणि त्याच्या दंडाला धरून एक म्हातारी. तिच्या एका हातात काठी होती, दुसऱ्या हातात वाटेत कुणी तरी दिलेली पिरोझ्की.

"मी ग्लाफिरा सेम्योनोव्ना," ती म्हणाली. "मी कधी मेले, ते मला समजायला हवं. पोरीकडे राहायला गेले म्हणजे काय मेले?"

"आणि गुडघा कसा आहे, काकू?" कुणीतरी विचारलं.

"डॉक्टरकडे गेले तेव्हा बरा झाला. अर्काडी दहा वर्षं तेच सांगत होता."

हशा थांबेना. यारोमिरने मात्र रिम्माकडे बघितलं नाही, की ग्लाफिराकडेही. तो ताइसियाच्या बाकापाशी गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताइसिया पेत्रोव्ना, हसणाऱ्यांना हसू द्या. तुमच्याशी तो बोलतो. तुम्हाला तो बघतो. हे तुम्ही आणि मी जाणतो."

रिम्माने लॅपटॉप आईच्या दिशेने वळवला. शाळेतही ती मुलांना उत्तर सांगायची नाही, नकाशा पुढे ठेवायची.

ताइसिया उठली. तिने कपाळावरचा चष्मा काढला, दोन्ही काड्या मिटल्या आणि तो यारोमिरच्या हातात दिला.

"धर जरा."

मग डोळे बारीक करून तिने लॅपटॉपची बटणं चाचपली. नऊ. काकडी. "वाच गं, मला दिसत नाही."

रिम्माने वाचलं. "तास्या, चष्मा कपाळावर आहे. काकडीवर पांघरूण घाल..." आईने तिला हातानेच थांबवलं.

ताइसिया यारोमिरकडे वळली. "चष्मा तुझ्या हातात आहे. अर्काडीला समोरचा खिळा अर्धा इंच वाकडा असला तरी दिसायचा. तो इथे असता तर त्याला हे दिसलं नसतं?"

"आत्म्याला... इतक्या लांबून..."

"मागच्या रविवारी तर सगळं दिसत होतं."

तिने त्याच्या हातातून चष्मा घेतला, टेबलावरून किल्ली उचलली आणि दोन्ही ॲप्रनच्या खिशात टाकली. यारोमिर ऑफिसच्या कॉम्प्युटरमधून पाखरू उपसून दाराकडे निघाला. कपितोलिना येगोरोव्नांनी वाट अडवली.

"पाखरू ठेवून जा. आतला पेन ड्राइव्ह सोसायटीच्या कामाला येईल."

लोक मात्र लगेच पांगले नाहीत. कुणीतरी विचारलं, दुरुस्तीवाला तर म्हणाला होता की हे चालूच शकत नाही, मग चाललं कसं? रिम्माने फळीवरची काकडीची बरणी काढली.

"ही जुनी बरणी. दुकानातलं नवं झाकण हिला बसत नाही. म्हणून काय बरणी मेली? बाजारात एक माणूस अजून जुन्या मापाची झाकणं करतो. आपण त्याच्याकडून विकत घेतो, पाया पडत नाही. हे काम करणारी माणसंही तशीच आहेत. त्यांनी जुन्या प्रोग्रॅमला बसेल असं झाकण केलं आणि फुकट वाटलं. यारोमिरने ते पाखरात लपवलं. लपवलं नसतं तर आपणच शाबासकी दिली असती. ज्याला टॉवेल लागतो, त्याचा टॉवेल उचलून बघा. जे कळत नाही त्याचं कारण नाही, असं समजू नका. कारण असतं, आपण अजून विचारलेलं नसतं. आणि दुःखात असाल तेव्हा तर जास्तच विचारा, कारण अशी माणसं नेमकी तेव्हाच येतात."

त्या दिवशी प्रत्येक घरातून कुणी ना कुणी पेन ड्राइव्ह घेऊन आलं. संध्याकाळपर्यंत अर्काडी सावेल्येविच निम्म्या सोसायटीत एकाच वेळी टोमणे मारत होते, आणि त्यात कुणाला काही अद्भुत वाटत नव्हतं.

ताइसिया ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. टोमॅटो, बडीशेप, बीट; एकेक पीक घालून ती नऊ नंबरची सगळी उत्तरं वाचत होती.

"किती लिहून ठेवलंय यानं," ती म्हणाली. "हिवाळाभर बसायचा. मला वाटायचं, पत्ते खेळतोय."

"तो नाहीये यात, आई."

"माहीत आहे. शब्द त्याचे आहेत, तेवढं बास." तिने आणखी एक पीक घातलं, वाचलं आणि हसली. मग डोळ्यांवरचा चष्मा वर कपाळावर सरकवला आणि काकडीवर पांघरूण घालायला उठली.