फुलीची भांडी

सगळं गाव त्यांना टणटणशेठ म्हणायचं, अगदी तोंडावरसुद्धा, आणि शेठना त्यात काही वावगं वाटत नसे. ते नाव त्यांनी कमावलेलं होतं. अठराव्या वर्षी ते रेल्वेच्या यार्डात हातोडी घेऊन गाडीच्या एकेका चाकाला ठोका देत फिरायचे. चाक धड असलं तर टण्ण वाजतं. आत कुठे केसाएवढा तडा असला तर ठप्प. ठप्प वाजलं की चाकावर खडूनं फुली मारायची. फुलीचं चाक यार्डाबाहेर जात नाही, मग स्टेशनमास्तर कितीही थयथयाट करो.

पुढे त्यांनी स्वतःच चाकं ओतायचा कारखाना काढला आणि तो चांगलाच फोफावला. पन्नाशीत कुणीतरी त्यांना चिनी मातीचा एक पांढरा वाडगा भेट दिला. शेठनी सवयीनं त्याला नखानं टिचकी मारली. वाडगा असा काही गायला, की शेठ जिवाचा कान करून ऐकतच राहिले. झालं, वेड लागलं! बाकीचे शौकीन भांडं उलटं करून तळाचा शिक्का बघायचे. शेठ नुसती टिचकी मारायचे.

आता वय एक्याऐंशी. शाळा बांधून झाली, दवाखाना झाला. राहतं घरही त्यांनी भांड्यांसकट संग्रहालयासाठी गावाला देऊन टाकलं होतं. उद्या सकाळी त्या संग्रहालयाचं दार उघडायचं होतं. दाराशेजारच्या दगडी पाटीवर शेठनी स्वतः सांगून कोरून घेतलं होतं : ‘भांडी तीनशे बारा, तडा एकालाही नाही.’

त्या दुपारी धाकटी लेक यादी घेऊन समोर बसली.

“बाबा, ही निळी सुरई वाजवा बरं.”

शेठनी टिचकी मारली. “टण्ण. पुढचं?”

“ठप्प वाजली, बाबा.”

“कान धुऊन ये जा.”

“मी? आणि मघापासून तुमच्या पुढ्यात फोन कोकलतोय तो?”

शेठनी फोनकडे पाहिलं. फोन टेबलावर थरथरत होता.

“मी मुद्दामच उचलत नव्हतो,” ते म्हणाले.

लेकीनं हसू दाबलं. शेठ मात्र त्या थरथरीकडेच बघत होते. यार्डात शेजारून मालगाडी धडधडत जायची, तेव्हा ठोक्याचा आवाज कुणालाच ऐकू यायचा नाही. मग त्यांचा वस्ताद ओरडायचा, “कान राहू दे, हाताला विचार!” धड चाक ठोका परत देतं, दांड्यातून थेट मनगटापर्यंत. तडकलेलं चाक तो गिळून टाकतं.

त्यांनी तो पहिला पांढरा वाडगा पाच बोटांच्या टोकांवर तोलला आणि टिचकी मारली. बोटांना मुंग्या आल्या, त्या कितीतरी वेळ गेल्याच नाहीत. मग सुरई घेतली. टिचकी. जणू उशीला मारली. पुन्हा मारली. काही नाही.

“अशी किती?”

“अकरा. सगळी त्या दाढीवाल्या व्यापाऱ्याकडची, गेल्या चार वर्षांतली. तडे बुजवून वरून रंग दिलाय.”

“मला ऐकू येत नाही, हे त्याला ठाऊक होतं?”

लेक यादीचा कोपरा दुमडत राहिली. “तो आला की आधी तुमच्या पाठीमागून हाक मारायचा. तुम्ही वळला नाहीत, की मग खोकं उघडायचा. मला वाटायचं, चेष्टा करतोय.”

व्यापाऱ्यानं तोंडाला पानं पुसली, ते एक असो. पण अकराही वेळा त्यांना टण्ण ऐकू आलं होतं. ते कुठून आलं होतं?

“राहू द्या ना बाबा,” लेक त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली. “काचेआड तर ठेवायचीत. तिथे कोण टिचकी मारतंय? कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“यार्डात तरी कुणाला कळलं असतं, गाडी घसरेपर्यंत? खडू आण.”

“गावापुढे शोभा होईल.”

“माझीच होईल ना? होऊ दे. खडू आण म्हणतो ना!”

अकराही भांड्यांवर फुल्या पडल्या. मग शेठ म्हणाले, “पाटीवर कागद चिकटव. तीनशे काचेआड, बारा बाहेर. बाहेरच्यांना हात लावावा.”

“बारा कशी? अकरा ना?”

शेठनी पांढरा वाडगा पुढे सरकवला.

“अहो, पोरं फोडतील तो!”

“फोडतील कदाचित. पण टण्ण ऐकल्याशिवाय त्यांना ठप्प कसं कळायचं?”

दुसऱ्या दिवशी ओसरीवर एका बुटक्या टेबलाभोवती शाळेच्या पोरांची झुंबड उडाली. शेठ त्यांच्याकडे पाठ करून पाहुण्यांना दार दाखवत होते. मागे एका मुलीनं निळ्या सुरईला टिचकी मारली, आणि सबंध वर्ग एका दमात ओरडला, “ठप्प!”

शेठ वळले.

“बरोबर,” ते म्हणाले. “आता वाडगा वाजवा. आणि जोरात सांगा हं मला.”