पदरावरची तीट

स्वरूपानं फोनमधल्या साडीच्या फोटोवरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं आणि ते काठावरून पदराकडं सरकवलं. पदरावर नाव आलं की पट्टे झाकले जात. तिथून मधोमध आणलं, तर साडीवर कुणी शाई सांडल्यासारखं दिसायला लागलं. लहान केलं तर वाचता येईना, मोठं केलं तर साडी दिसेना. 'स्वरूपा हातमाग, वडगाव', एवढंसं नाव, पण त्याला बसायला अख्ख्या साडीत जागा मिळेना.

"आता कशाला ते?" मागावर बसलेल्या जोतिरामनं, तिच्या सासऱ्यानं, मान वर न करता विचारलं. "चोर गेला की घर धुऊन."

"पुढच्या फोटोंसाठी, मामा."

चोरी झाली होती ती साडीची नव्हे, साडीच्या फोटोची. कुठल्याशा लांबच्या शहरातल्या एका दुकानदारानं तिच्या पिवळ्या साडीचा फोटो बिनदिक्कत उचलला, त्यावर आडवं, ठसठशीत इंग्रजीत आपलं नाव टाकलं, नावाआधी ते गोलातल्या 'सी'चं हक्काचं चिन्हही लावलं, आणि निम्मी किंमत लावून इंटरनेटवरच्या आपल्या पानावर टाकला. स्वरूपाचा फोटो बिननावाचा होता. नाव टाकलं की फोटो विद्रूप होतो म्हणून तिनं कधी टाकलंच नव्हतं. आता दोन्ही फोटो शेजारी ठेवले, की नाव असलेला तो मालक आणि नाव नसलेली ही चोर, असंच कुणालाही वाटणार.

आणि तसंच वाटलं होतं. ती साडी निपाणीच्या मालुबाईंनी त्यांच्या लेकीच्या, रचनाच्या, लग्नासाठी विणायला सांगितली होती. सकाळी मालुबाईंनी दोन्ही फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, 'लोकांच्या साड्यांचे फोटो लावून ऑर्डर घेता व्हय? आमची साडी नको.' स्वरूपानं फोन केला, तो त्यांनी उचलला नाही. साडी कुणीतरी घेतली असती. पण मालुबाईंच्या गोतावळ्यात आज दुपारपर्यंत ही गोष्ट पसरणार होती, आणि जोतिरामनं आयुष्यभर मागावर बसून मिळवलेलं नाव सुनेच्या फोनपायी मातीत जाणार होतं. 

"उचल साडी," सासू बायाक्का म्हणाली. तिनं चपला घातल्यासुद्धा होत्या. "निपाणीला जायाचं. फोटूत काय कळतंय? कापड हातात घेतल्यावर कळंल की तिला."

निघण्याआधी बायाक्कानं साडीची घडी उलगडून पदराचा कोपरा चाचपला. तिथं काळ्या रेशमाची, ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ होती. मागावरून साडी उतरली की ती गाठ बायाक्काच घालायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. लेकराला बाहेर नेताना गालाला काजळ लावतात, तशी ही कापडाला तीट. साडी पहिल्यांदा नेसून झाली की नेसणारणीनं ती आपल्या हातानं सोडवायची. तिच्या सासूनं तिला शिकवलेलं हे, आणि त्या सासूला कुणी शिकवलं ते कुणाला ठाऊक नव्हतं.

"हाय जागेवर," बायाक्का म्हणाली. स्वरूपा पिशवी शोधायला आत गेली.

मालुबाईंच्या घराला तंबाखूचा उग्र वास होता. त्यांनी दोघींना बसवलं, पाणी दिलं, कारण दारात आलेल्याला पाणी द्यायचं असतं. पण चहाचं नाव काढलं नाही.

"तुमच्याबद्दल न्हाय म्हणत मी, आक्का," त्या बायाक्काला म्हणाल्या. "ही आजकालची पोरं फोनवर काय बी करत्यात."

"कापड बघा तुम्ही," बायाक्का म्हणाली.

मालुबाईंनी साडी मांडीवर घेतली. काठ बोटांत चोळून बघितला, तेव्हा त्यांचा चेहरा थोडा सैल झाला. मग त्यांनी चष्मा चढवला आणि फोनमधला स्वरूपाचा फोटो पदराला लावून बघायला लागल्या. पट्ट्याला पट्टा, बुट्टीला बुट्टी. कोपऱ्यापाशी त्यांचं बोट थांबलं.

"हे काळं काय?"

"तीट हाय ती," बायाक्का म्हणाली.

"फोटूत न्हाय."

"असणारच की. मी तीट लावल्याबिगर कापड उंबऱ्याबाहेर पडत न्हाय. फोटू तर त्याच्या मागनं."

मालुबाईंनी फोन तिच्यापुढं धरला. बायाक्का वाकून बघत राहिली. फोन उजेडाकडं वळवला, पदरानं काच पुसली, पुन्हा बघितलं.

"दिसंना झालंय खरं," ती हळूच म्हणाली. "माझे डोळे आता न्हाईत पहिल्यासारखे."

"डोळ्यांचं न्हाय, आक्का. गाठच न्हाय त्यात. मग ही ती साडी न्हवंच की."

 गाठ का नाही, हे त्या खोलीत एकट्या स्वरूपालाच माहीत होतं. सुरुवातीला एकदोन गिऱ्हाइकांनी विचारलं होतं, कोपऱ्यात डाग आहे का. तेव्हापासून फोटो टाकण्याआधी ती फोनवर गाठीवरून एक बोट फिरवायची, की गाठ गायब. सासूला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय आहे त्यात, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. आताही म्हणता आलं असतं, की फोटो आधी काढला आणि तीट मागाहून लावली. सासूचं मन राहिलं असतं. पण मग फोटो आपलाच आहे हे दाखवता आलं नसतं, आणि सासऱ्याचं नावही गेलं असतं.

तिनं आपला फोन काढला आणि मूळ फोटो उघडून मालुबाईंच्या हातात दिला. त्यात पदराच्या कोपऱ्यात काळी गाठ स्वच्छ दिसत होती.

"फोटो काढला तवा होती," ती म्हणाली. "टाकायच्या आधी मीच पुसली."

 स्वरूपानं दुकानदाराचा फोटो दोन बोटांनी मोठा केला.

"हितं बघा, काकी. गाठ पुसली तिथं पट्टा थोडा वाकलाय. मी टाकलेल्या फोटोत वाकलाय, तसाच ह्याच्यातही वाकलाय. त्यानं माझा पुसलेला फोटो उचललाय. गाठीचा फोटो त्याच्याकडं असायचाच न्हाय."

मालुबाईंनी तिन्ही फोटो आलटून पालटून बघितले. मग चष्मा काढला आणि आत हाक मारून चहा टाकायला सांगितला. ओशाळल्या होत्या बिचाऱ्या. 'सगळ्यांना सांगते मी खरं काय ते,' असं त्या म्हणाल्या. पण स्वरूपाचं लक्ष तिकडं नव्हतं.

"सगळ्याच फोटूतनं पुसलीस?" बायाक्कानं विचारलं.

"व्हय, आत्ती. सगळ्याच."

बायाक्कानं मान हलवली. मालुबाईंनी साडी जपून घडी घातली आणि विचारलं, "ही गाठ कवा सोडवायची, आक्का?"

हे सांगायला बायाक्काला एरवी किती आवडायचं. नेसणारणीनं कुठं बसायचं, दोरा कुठं ठेवायचा, सगळं ती रंगवून सांगायची.

"तुमच्या मर्जीवर हाय," ती आज म्हणाली. "आत्ता कापली तरी चालतंय."

परतीच्या बसमध्ये तिनं खिडकीजवळची जागा घेतली. हत्तरगीचा टोलनाका येईपर्यंत ती रिकामी पिशवी मांडीवर घडी घालत आणि उलगडत होती. तिनं चार शब्द सुनावले असते तर स्वरूपाला बरं वाटलं असतं.

"पुसायला येळ लई लागतोय काय गं?" मग तिनं बाहेर बघतच विचारलं.

"न्हाय, आत्ती."

"व्हय का," बायाक्का म्हणाली, आणि खिडकीबाहेरच बघत राहिली.

पुढची साडी मागावरून उतरली ती जांभळ्या रंगाची. बायाक्कानं ती झटकली, सुटे धागे कातरले आणि स्वरूपापुढं ठेवली.

"काढ फोटू."

स्वरूपानं कॉटवर पांढरी चादर अंथरली, पदर मांडला आणि कोपऱ्याकडं बघितलं. कोपरा कोरा होता.

"आत्ती, तीट?"

"ऱ्हाऊ दे. आता तुझं नाव असतंय की फोटूवर. तेवढं बास." आणि ती रहाटावर धाग्याच्या कांड्या भरायला बसली.

 स्वरूपानं फोन कॉटवर ठेवला. कोनाड्यातली काळ्या रेशमाची कांडी घेतली, सुई घेतली आणि जमिनीवर बसून पदराचा कोपरा मांडीवर ओढला. सुईत दोरा ओवता ओवताच तिला घाम फुटला. पहिली गाठ निसटली. दुसरी बसली, पण एका बाजूला कलली. समोर रहाट फिरायचा थांबला होता. मागाचा आवाजही थांबला. तिनं मान वर केली नाही.

मग तिनं फोटो काढला. नाव लहान केलं आणि पार कोपऱ्यात, गाठीच्या शेजारी नेऊन बसवलं. तिथं ते बरं बसलं. फोन तिनं सासूपुढं धरला.

"टाकू?"

बायाक्कानं चष्मा लावला. निपाणीला स्वरूपाला करताना बघितलं होतं तसं काचेवर दोन बोटं टेकवून फाकवली. साडी बाजूला सरकली, नाव सरकलं, आणि फोनभर फक्त ती काळी गाठ उरली. 

"वाकडी झालीया," ती म्हणाली.

"सोडवून परत घालू?"

"नको." बायाक्कानं फोन तिच्या हातात दिला आणि रहाटाची मूठ धरली. "ऱ्हाऊ दे. तुझी हाय म्हणून कळंल."