उज्वलाचं काळं पेडल

गोरक्षची कंबर धरली आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

गोरक्ष उज्वलाच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचा. सामान नेणारी ओम्नी त्याचीच, त्यामुळे चढव-उतरव करणंही आपोआप त्याच्याच गळ्यात पडलेलं. त्या सामानात सगळ्यात भारी नग म्हणजे उज्वलाच्या खर्जात वाजणाऱ्या बेस गिटारचा अँप. आवाज मोठा करणारा हा लाकडी खोका गंगापूर रोडवरच्या एका हॉलच्या पायऱ्यांवरून चढवताना गोरक्ष जो वाकला, तो दोन पोती खांद्यावर असल्यासारखा वाकूनच घरी गेला. डॉक्टरांनी त्याला वजन उचलायची साफ मनाई केली.

"म्हणजे आता एक तर तो खोका येईल, नाहीतर मी," गोरक्षने पलंगावर पडल्या पडल्या जाहीर केलं.

गोरक्षशिवाय ड्रम कोण वाजवणार? खोका घरी राहिला. सायखेड्याच्या हळदीला उज्वलाने बेसची वायर सरळ मंडपवाल्याच्या साउंड मिक्सरमध्ये खुपसली, आणि जो आवाज आला तो ऐकून तिला स्टेजवरून उतरून घरी निघून जावंसं वाटलं. डब्याला रबरबँड ताणून कुणी टिचक्या मारतंय, असा तो आवाज. त्यात ना वजन होतं, ना गोडवा. गाणारी मोहिनी मागे वळून वळून बघत होती, की बाई वाजवतेय ना नक्की?

उज्वला सकाळी दहावीच्या पोरांना गणित शिकवायची आणि संध्याकाळी बेस वाजवायची. तिने चौकशी केली तेव्हा कळलं, की यावर उपाय आहे. बेस आणि मिक्सरच्या मध्ये प्रीअँप पेडल लावायचं, पायाशी ठेवायची एक छोटी पेटी. ते आवाजाला अंग देतं, आणि त्याच्या मागच्या डायरेक्ट आउटमधून माइकचीच जाड वायर थेट मिक्सरला जाते. अँपची गरजच नाही.

वाद्यांच्या दुकानात लखनने मुंबईहून आलेली दोन पेडलं काउंटरवर मांडली. एक करड्या रंगाचं, साधं, सज्जन. दुसरं काळं, भरपूर नॉब असलेलं आणि शिवाय पायाने दाबायचं एक बटण.

"हे बटण कशाचं?"

"डिस्टॉर्शनचं, मॅडम. दाबलं की आवाज फाटतो. गुरगुरतो एकदम."

उज्वलाचे डोळे चमकले ते शेजारी उभ्या असलेल्या रविराजला दिसले. रविराज त्यांचा गिटारवादक. तो लगेच मध्ये पडला.

"बेसला डिस्टॉर्शन कशाला? तो गिटारचा प्रांत आहे. करडं घे. बेस कसा हवा, तर आहे हे कुणाला कळू नये, पण नसला तर चुकल्यासारखं वाटावं."

हे वाक्य तो नेहमी म्हणायचा, आणि कौतुक म्हणून म्हणायचा. आजवर उज्वला ते ऐकून हसायची. त्या दिवशी मात्र तिला वाटलं, आपण आहोत हे कुणाला तरी कळलं तर काय बिघडेल?

तिने काळं पेडल लावून बघितलं. बटण दाबून तार छेडताच दुकानातल्या टांगलेल्या गिटारींच्या तारा आपोआप झणझणल्या. "बघ!" रविराज म्हणाला, "खालचा दमच गेला. नुसता भुंगा झाला." तेही खरंच होतं. करड्यात आवाज गोल, भरदार यायचा. काळ्यात मजा होती, पण भरवसा नव्हता. उज्वला एकदा इकडे, एकदा तिकडे वायर लावत बसली. शेवटी लखनच कंटाळला.

"मॅडम, दोन्ही घेऊन जा. रविवारी कार्यक्रमात वाजवा आणि सोमवारी एक परत आणा. दुकानात बसून कधी ठरत नसतं हे."

रविवारी नांदगावला लग्नाचं रिसेप्शन होतं. नवरीचे वडील खंडेराव कापडाचे व्यापारी, हौशी माणूस. रविराज जळगावला मावशीकडे गेला होता, तो तिकडून परस्पर गाडीने येणार होता. बाकीचे ओम्नीतून दुपारीच पोचले. माइक तपासून झाले, पाहुणे जमायला लागले, सूर्य कलला, तरी रविराजचा पत्ता नाही. मग खंडेरावांच्या दुकानात रविराजचा फोन आला. पुढे मालगाडीचं इंजिन बंद पडलंय, गाडी चाळीसगावला उभी आहे, कधी सुटेल ते सांगता येत नाही.

खंडेराव धोतर सावरत स्टेजपाशी आले. "ताई, गिटारवाला नाय म्हंजे? जावईबापूंचं आवडतं गाणं गिटारनंच सुरू होतं. पोरीनं मुद्दाम सांगून ठेवलंय. तेवढंच मागितलंय तिनं. आता तिला काय तोंड दाखवू मी?"

मोहिनीने उज्वलाकडे बघितलं. गोरक्षने कमरेवर हात ठेवून उज्वलाकडे बघितलं. उज्वलाने पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे बघितलं.

"मी वाजवते," ती म्हणाली.

"बेसवर?" मोहिनीचा आवाज चढला.

"बेसवर."

तिने काळं पेडल काढलं. मंडपाचा साउंडवाला केरू, त्याने माइकची वायर आणून मागे जोडली आणि मिक्सरवरून हात वर केला. उज्वलाने देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबून तार छेडली.

घर्रर्रर्र!

जेवणाच्या टेबलावरची स्टीलची ताटं थरथरली. पुढच्या रांगेतले फेटेवाले आजोबा दचकून उठले. मंडपाच्या मागून आचारी झारा घेऊन धावत आला. "अरे जनरेटर बंद करा! जळाला, जळाला!"

सगळा मंडप हसला. उज्वलाचे कान लाल झाले. क्षणभर तिला वाटलं, रविराजचंच बरोबर होतं, गुमान करडं लावावं. पण तितक्यात तिची नजर एका नॉबवर गेली. दुकानातल्या घाईत तिने त्याला हात लावला नव्हता. साधा आवाज आणि फाटका आवाज किती किती मिसळायचा, ते त्या नॉबवर ठरत होतं. तिने तो अलगद मागे फिरवला. पुन्हा तार छेडली. या वेळी खाली तो ओळखीचा, भरदार बेस तसाच राहिला आणि त्याच्यावर गुरगुर आली, दुधावर साय यावी तशी.

"हां," गोरक्ष मागून म्हणाला. "आता कसं!"

उज्वलाचा हात गिटारच्या मानेवरून खाली सरकला, बारीक सुरांच्या पट्टीत. सुरुवातीची धून तिने तिथे पकडली. पहिले दोन सूर चाचपडत आले, मग बोटांना वाट सापडली. स्टेजवरच्या खुर्चीत अवघडून बसलेला नवरदेव ताडकन उठला. नवरी तोंडावर हात धरून हसली. गोरक्षने कंबर विसरून ड्रमवर थाप टाकली, मोहिनीने सूर उचलला, आणि खंडेराव स्वतः दोन्ही हात वर करून नाचायला लागले.

गाणं संपलं तेव्हा "अजून एकदा!" असा गलका झाला. ते तिसऱ्यांदा चालू असताना मंडपाच्या दाराशी रिक्षा थांबली. रविराज घामाघूम होऊन उतरला, आत गिटार ऐकली आणि जागीच उभा राहिला. दाराशी अत्तर लावणाऱ्या माणसाला त्याने विचारलं, "कुणाला आणलंय हो वाजवायला?"

"कोनी नाय. त्या बाईच वाजवून राहिल्यात. लय भारी!"

रविराज स्टेजवर चढला तो तोंड पाडूनच. त्याने गिटार काढली, जोडली आणि मध्येच सामील झाला. लगेच दोघांचा आवाज एकमेकांत अडकून सगळा चिखल झाला. त्याने उज्वलाकडे बघितलं. तिने पायाने बटण दाबून गुरगुर बंद केली आणि निमूट खालच्या सुरांवर आली. त्याची गिटार एकदम उठून दिसली. ते त्याच्याही लक्षात आलं.

जेवताना तो बराच वेळ जिलबी चिवडत बसला. मग म्हणाला, "बाहेरून ऐकलं तेव्हा मला वाटलं, माझ्यापेक्षा चांगला कुणीतरी आणलाय. फार राग आला."

"आणि मी होते हे कळल्यावर?"

"तेव्हा अजून आला," रविराज म्हणाला, आणि स्वतःच फिस्सकन हसला. उज्वलाने आपल्या ताटातली जिलबी त्याच्या ताटात टाकली.

सोमवारी तिने करडं पेडल लखनला परत केलं. तालमीला रविराज नवी चाल घेऊन आला होता. कडव्यानंतर तो हात थांबवून म्हणाला, "इथे मी गप्प. इथे तुझं ते काळं."

"आणि तू तेवढ्यात काय करणार?"

"मी पाणी पितो," रविराज म्हणाला. "कर सुरू."